कंपनीपेक्षा भारी पुली

माझ्या ड्रायव्हिंग क्लासमधली बाई लायसनच्या परीक्षेत नापास होत नाही. कसबा बावड्यात कुणालाही विचारा, हेच सांगतील. आणि झालीच, तर ती बनाबाई असते. दोनदा झाली. दोन्ही वेळा स्टेअरिंग नको तेवढं फिरवून गाडी आखलेल्या रेघेबाहेर नेली. पण तिसऱ्यांदा होणार नाही, हे मी तिच्या नवऱ्याला, हंबीररावांना, त्यांच्याच गोठ्यात उभं राहून ठणकावून सांगितलं होतं.

सांगणं भागच होतं. हंबीररावांची नजर अधू झाली, तसं त्यांचं गाडी चालवणं बंद झालं. दुधाचा टेम्पो दारात उभा आणि ठेवलेला ड्रायव्हर दांडीबहाद्दर! दूध नासायला लागलं. बनाबाई म्हणाली, टेम्पो मीच चालवणार. हंबीरराव म्हणाले, चालव, पण ह्या खेपेला नापास झालीस तर सगळ्या म्हशी विकून मोकळा होणार. त्या म्हशी तिनं रेडकं असल्यापासून वाढवलेल्या. त्या दिवशी ती माझ्याशेजारी गाडीत बसून रडली आणि मी शब्द देऊन बसले.

सोमवारी परीक्षा. आणि आदल्या बुधवारी माझ्या गाडीची पॉवर स्टेअरिंगची पुली फुटली.

गाडी जुनी आहे, मान्य. पण गुणाची आहे. ही पुली म्हणजे इंजिनाजवळचं छोटं चाक. त्यावरून बेल्ट फिरतो, पंप चालतो आणि स्टेअरिंग हलकं होतं. त्या चाकाची कड तुटली आणि बेल्ट किंचाळायला लागला. मी दुकानात सांगितलं, ते म्हणाले पुण्याहून मागवतो, शनिवारी बसवून देतो. संपला की नाही विषय? शहाण्या घरात संपला असता. पण माझ्या घरात माझे मिस्टर आहेत. त्यांचं नाव आदर्श. बारशाला सासूबाईंनी जरा दम धरायला हवा होता.

"उद्यमनगरात एवढे कारखाने असताना पुण्याहून पुली?" हे म्हणाले. "लोक तोंडात शेण घालतील. आपला पिराजी लेथवर काय वाट्टेल ते करून देतोय की."

पिराजी ह्यांचा शाळेपासूनचा मित्र. मी स्पष्ट बजावलं, मला वाट्टेल ते नकोय, मला पुली पाहिजे. आणि मी कुकर लावायला आत वळले, तेवढ्यात ह्यांनी दुकानात फोन करून ऑर्डर रद्दसुद्धा केली! मी परत फोन लावला, तर दुकानदार म्हणाला, आता सोमवारच्या आत मिळायची नाही. तेव्हा माझं डोकं जे तापलं, ते अजून निवलेलं नाही.

गुरुवारी पिराजीची पुली आली. भोक ढिलं. गाडी सुरू केली तशी पुली डुगडुगायला लागली आणि गल्लीच्या तोंडाशीच बेल्ट निसटून पडला. मी ह्यांना म्हटलं, त्या पिराजीला जाऊन सांगा, तुझी पुली जागेवर बसत नाही. एवढं एक वाक्य. ह्यांनी तिथं चहा पीत पीत त्याचं काय केलं देव जाणे, पण पिराजीनं अर्थ काढला की माल कमजोर पडला. मग काय! शुक्रवारी तो स्वतः गाडीपाशी हजर. हातात बिडाची पुली. भोक बरोबर होतं, पण पुली जेवायच्या ताटाएवढी. जुना बेल्ट पुरेना म्हणून लांब बेल्ट आणला. वरचं कव्हर बसेना म्हणून कव्हर काढून माळ्यावर टाकलं. माझी फुटकी पुली मागितली, तर ती ह्या ताटासाठी वितळवून झाली होती.

"वैनी, कंपनीवाली लोकं चिकट असत्यात," पिराजी हात पुसत म्हणाला. "ही बघा. एक वेळ गाडी मोडंल, पण पुली न्हाय मोडायची."

पंपाची पुली मोठी झाली की पंप सावकाश फिरतो, जोर कमी पडतो आणि स्टेअरिंग जड होतं. हे मला कळतं, मी साधी क्लासवाली. ह्या दोघांना कळू नये? दारातून गाडी बाहेर वळवेपर्यंत माझा खांदा भरून आला. मग हे बसले. दोन्ही हातांनी स्टेअरिंगला लोंबकळले, तोंड लालबुंद झालं, गाडी तिथल्या तिथं. तरी खाली उतरून म्हणतात, जरा रुळू दे, सैल होईल.

"पुली आहे ती," मी म्हटलं. "चप्पल नव्हे, वापरून सैल व्हायला."

पुलीचं नाव न काढता दुसऱ्या गाडीची सोय केली, तर बनाबाई म्हणाली, परक्या गाडीत माझे पाय गार पडतात. तारीख पुढं ढकलू म्हटलं, तर हंबीरराव ऐकेनात. त्यात शनिवारी तिची म्हैस व्याली, त्यामुळं ती सरावालाही आली नाही. म्हणजे नव्या पुलीचं प्रकरण तिला परीक्षेच्या दिवशीच कळणार होतं. दोन दिवस मी घरात कुणाशी बोलले नाही. फक्त ह्यांच्याशी भांडायची तयारी करत होते. सुरुवात पुलीपासून आणि शेवट आमच्या लग्नात ह्यांच्या मामांनी केलेल्या तमाशापर्यंत, अशी सगळी मांडणी ठरली होती. परीक्षा होऊ दे, मग बघते, म्हटलं.

सोमवारी सकाळी बनाबाईला आणायला निघाले. तिच्या दारात वळायचं होतं. मी वळले, गाडी वळली नाही! ब्रेक दाबेपर्यंत गाडी सरळ हंबीररावांच्या कडब्याच्या गंजीत. वरच्या पेंढ्या धपाधप टपावर आल्या. काचेपुढं नुसता कडबा.

मी दार ढकलून बाहेर पडले. हंबीरराव मिश्री लावत उभे होते. ते ओरडले असते तर मीही ओरडले असते. पण ते शांतपणे थुंकले आणि म्हणाले, "मॅडम, तुमालाच वळवाय येईना, मग आमची काय वळवणार? ऱ्हाऊ द्या ती परीक्षा. ज्ञानूला फोन लावतो. म्हशी बघून जाईल."

ज्ञानू म्हणजे जनावरांचा दलाल. आवाज ऐकून बाहेर आलेल्या बनाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुलीचा राग, पिराजीचा राग, ह्यांचा तर विचारूच नका. आणि सगळं भोगणार कोण, तर ही बाई, जिचा कशात काही संबंध नाही.

बनाबाईनं पदर खोचला. काचेवरचा कडबा बाजूला केला आणि माझ्या जागेवर बसली. मी सांगायला गेले की बाई, स्टेअरिंग जड झालंय, तोवर तिनं रिव्हर्स टाकलासुद्धा. आडमुठ्या म्हशीचा कासरा ओढावा तसं स्टेअरिंग ओढलं आणि गाडी एका दमात रस्त्यावर.

"बसा मॅडम," ती म्हणाली. "उशीर हुतोय."

हंबीररावांचा फोन हातातच राहिला.

परीक्षेत आठाचा आकडा काढायचा असतो. मी दोरीपलीकडं उभी होते. बनाबाईनं तो रेघेला न शिवता काढला. मागं घेतली, लावली, उतरली. आरटीओचे साहेब पास म्हणाले. बनाबाई तिथंच हात जोडून उभी राहिली आणि मी तिला मिठी मारली. खांदा असा ठणकला की काय सांगू.

परतताना तीच चालवत होती. मला जमणारच नव्हतं. मी म्हटलं, घरी गेल्यावर पहिल्यांदा ती स्टेअरिंग जड करणारी मेली पुली काढून फेकणार.

"न्हाय न्हाय, तसलं काय करू नगासा," बनाबाई घाबरून म्हणाली. "आदी स्टेअरिंग पाण्यागत हुतं. हात लावला की गाडी भलतीकडं पळायची. लई भ्या वाटायचं. आता हाताला कायतरी लागतंय. त्या पुलीनंच पास केलं बघा मला."

मी खांदा चोळत बसले. त्यात तिनं वाटेत दूध डेअरीपाशी गाडी थांबवून सगळ्यांना पेढे वाटले आणि तिथल्या तिथं तीन म्हशीवाल्या बायकांनी माझ्या क्लासला नावं दिली. अट एकच, गाडी हीच पाहिजे.

घरी आले, तर हे दारात. हातात खोकं. भल्या सकाळी पहिल्या बसनं बेळगावला जाऊन, दुकानं पालथी घालून कंपनीची पुली घेऊन आलेले.

"चुकलं माझं," हे म्हणाले. "पिराजीचं ऐकायला नको होतं. आत्ताच बदलून टाकू."

लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांच्या तोंडून 'चुकलं' ऐकलं, आणि तेही नेमकं चुकलेलं नसताना! मी खोकं घेतलं आणि कपाटात टाकून कुलूप लावलं. हे म्हणाले, अगं, का? आता काय सांगू? पिराजीच्या पुलीनं बनाबाई पास झाली म्हणून? हे बोलायच्या आधी मी जीभ चावून मरेन.

मग मी भांडले. पुलीपासून सुरुवात केली आणि मामांपर्यंत आले. कारण काय होतं म्हणता? दोन दिवस खपून तयारी केली होती, ती काय वाया घालवायची?