गॅलरीतलं चिकन

भीमरावांनी आयुष्यात पहिल्यांदा मैदा मळला तो वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, आणि तोही एका फुशारकीपायी.

झालं असं, की पुण्याहून नातीचा व्हिडिओ कॉल आला. नऊ वर्षांच्या संस्कृतीने मैत्रिणीकडे चिकन पॉट पाय नावाचा पदार्थ खाल्ला होता आणि जगात दुसरं काही खाण्यासारखं उरलेलं नाही, अशी तिची खात्री झाली होती.

"आजोबा, वर मैद्याचं झाकण असतं. ते चमच्याने फोडायचं. आत पांढरा रस्सा, भाज्या आणि चिकन. तुम्हाला येतं?"

"व्हय. त्यात काय अवघड हाय?" भीमराव म्हणाले. त्यांना चहा, खिचडी आणि चिकनचा रस्सा एवढंच येत होतं.

"मग आम्ही रविवारी जेवायला येतो," संस्कृती म्हणाली, आणि मागून तिच्या बापाने, म्हणजे दिग्विजयने, 'बघू' म्हटलं नाही. भीमरावांना हे फार मोठं वाटलं. दिवाळीपासून सात महिने त्यांचं सगळं 'बघू'वरच चाललं होतं.

एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर माढ्याकडचं शेत भावाला सोपवून भीमराव नि वच्छलाबाई सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. दीड वर्षापूर्वी वच्छलाबाई गेल्या. त्या माळकरी होत्या. चिकन-मटणाला त्यांच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती. ते शिजायचं गॅलरीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या कुकरात. खायचंही गॅलरीतच. वच्छलाबाई चव घ्यायच्या नाहीत, पण मसाला त्यांनीच वाटून दिलेला असायचा, म्हणून आतून हमखास हाक यायची, "मीठ बरं पडलंय का?" आता आतून हाक येत नव्हती, तरी भीमरावांनी नियम मोडला नव्हता. मोडायला कुणाची हरकत नव्हती आणि हेच त्यांना आवडत नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांनी गॅलरीत किलोभर चिकन शिजवलं. आत ओट्यावर बटाटा, मटार, गाजर उकडलं, मोबाईलमधल्या बाईच्या सूचनेप्रमाणे पांढरा रस्सा केला. तो तीनदा गुठळला. चौथ्यांदा जमला तोवर चार वाजले होते.

घरात ओव्हन नव्हता. पण शुक्रवार पेठेत गुरुबसप्पांची भट्टी होती. वच्छलाबाई दरवर्षी रवा, मैदा, तूप, साखर घेऊन तिथे जात आणि नानकटाई भाजून आणत. भट्टीवरचा केकचा गोल डबा भीमरावांनी आदल्या दिवशीच मागून आणला होता. त्यांनी घाईघाईने डबा भरला, वर मैद्याची पोळी घातली, कडा चिमटून बंद केल्या आणि स्कूटरवर टांग मारली.

"आत काय हाय काका?" गुरुबसप्पांनी सहज विचारलं. त्यांच्या मागे 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी होती आणि ती त्यांच्या आजोबांच्या काळातली होती. भीमरावांनी ती पाटी दहा वर्षं पाहिली होती, वाचली मात्र आज.

"बटाटा-मटार," भीमराव म्हणाले.

"बरं. नावाची चिठ्ठी ठेवा वर."

उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे गर्दी होती. भीमराव बाकावर अंग चोरून बसले. आता वास सुटणार आणि आपली शोभा होणार, या भीतीने ते सारखे भट्टीच्या दिशेने हुंगत होते. खिशात फोन वाजत होता, त्याकडे बघायचंही त्यांना सुचलं नाही. पण वास काही सुटला नाही. कडा आपण झकास बंद केल्या, असं म्हणून त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटली. वर्तमानपत्रात गुंडाळलेले डबे फळीवर येताच त्यांनी पहिला हाताला लागला तो उचलला आणि कागद वर करून बघण्याचं धाडस न करता सरळ घर गाठलं.

सात वाजता त्यांनी ताटं मांडली. चार. मग कागद काढला. आत लाल-हिरव्या टूटीफ्रूटीचा केक होता आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं : निंगव्वा.

भीमरावांनी मिस्ड कॉलकडे न बघताच गुरुबसप्पांना फोन लावला.

"मालक, डबा बदललाय. माझा निंगव्वाबाईंकडं गेलाय."

"मग काय झालं? उद्या बदलून घ्या की. अव्वा आमच्याच गल्लीत ऱ्हातात."

"उद्या न्हाय चालणार. त्यात बटाटा-मटार हाय, पण नुसता बटाटा-मटार न्हाय."

"मग?"

"चिकन हाय."

 गुरुबसप्पा अगदी बारीक आवाजात म्हणाले, "काका, अव्वा लिंगपूजा झाल्याबिगर पाणी पीत न्हाईत. सव्वासातला पूजा होते. मी बाजारात हाय, पोचतोच. तुमी बी निघा."

केक पिशवीत घालून भीमराव निघाले. वाटेत फोन पुन्हा वाजला. भीमरावांनी स्कूटर थांबवली नाही. पोरं टेंभुर्णीपर्यंत आली असतील, यायच्या आत डबा घरी न्यायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

निंगव्वांच्या दारात भीमराव नि गुरुबसप्पा एकदमच पोहोचले. पंचाहत्तरीच्या निंगव्वा एकट्याच पाटावर बसल्या होत्या. पूजा झाली होती. डबाही निम्मा झाला होता.

"अव्वा, तिन्नब्याडा," गुरुबसप्पा कानडीत ओरडले. खाऊ नका, हे सांगायला तसा उशीरच झाला होता.

"का रे?" निंगव्वा म्हणाल्या. "साखर घालायची इसरले मी. वय झालं. पण बटाटा कवा घातला, ते काय आठवंना बघ."

भीमरावांनी हात जोडले. "अव्वा, माझी चूक झाली. डबा माझा हाय. त्यात कोंबडी हाय. या मालकांना मी खोटं सांगितलं. काय शिक्षा द्यायची ती द्या."

निंगव्वांनी चमचा ताटात ठेवला. त्यांनी भीमरावांकडे पाहिलं, मग डब्याकडे. मग चष्मा लावून उरलेल्या सारणात बोटभर आत चमचा घातला आणि शांतपणे ढवळलं.

"कुटं हाय कोंबडी?"

गुरुबसप्पा गुडघ्यांवर बसले. त्यांनी मोबाईलचा दिवा लावून तपासणी सुरू केली. बटाटा निघाला. मटार निघाले. गाजर निघालं. एक गुठळी निघाली, तिच्यावर त्यांनी जरा जास्त वेळ संशय घेतला.

"काका, यात चिकन न्हाय."

"असंल की. किलोभर शिजवलंय मी, गॅलरीत..." भीमराव बोलता बोलता थांबले. गॅलरीतला कुकर त्यांच्या डोळ्यांपुढे आला. झाकण लावलेला. भरलेला. डबा त्यांनी आत ओट्यावर भरला होता, आणि ओट्यावर चिकन आणायचं नाही, हे चाळीस वर्षांत त्यांच्या हातांना इतकं पाठ झालं होतं, की हातांनी त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं.

"म्हंजे तुमी खरंच बोलला होता," गुरुबसप्पा म्हणाले.

"न्हाय, मी खोटंच बोललो होतो. ते खरं निघालं."

गुरुबसप्पांना रागवावं की पाया पडावं, ते कळेना. ते कपाळाचा घाम पुसत भट्टीकडे निघून गेले.

फोन तिसऱ्यांदा वाजला. या वेळी भीमरावांनी घेतला.

"आप्पा, फोन का घेत नाही? दुपारपासून करतोय," दिग्विजय म्हणाला. "आम्ही निघालोच नाही. उद्या सकाळी लवकर मीटिंग लागली. पुढच्या रविवारी बघू. तुम्ही काही केलं नव्हतं ना?"

"न्हाय रं. खिचडी टाकणार होतो."

फोन ठेवल्यावर त्यांना उठावंसं वाटेना. निंगव्वांनी विचारलं, "येणार न्हाईत व्हय?"

"न्हाय."

"माझा बी नंदीश बेंगळूरला हाय. आज वाढदिवस त्याचा. दरवर्षी केक भाजून आणते, फोटो पाठवते, मग गल्लीत वाटते." त्या डब्याकडे बघून म्हणाल्या, "यंदा तुमच्या बटाट्याचा फोटो गेलाय."

भीमरावांनी पिशवीतून केक काढला. निंगव्वांनी तो कापून त्यांना तुकडा दिला आणि उरलेला पॉट पाय डब्यासकट परत केला. "मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या. "बाकी बरं झालंय."

घरी आल्यावर भीमरावांनी मांडलेल्या चार ताटांपैकी तीन उचलली. तेवढ्यात संस्कृतीचा कॉल आला. बापाचा फोन घेऊन ती गुपचूप बोलत होती.

"आजोबा, बाबा म्हणाले खिचडी केली. पण तुम्ही पॉट पाय केलाय ना? दाखवा."

भीमरावांनी डबा दाखवला.

"यात चिकन कुठंय?"

ते फोन घेऊन गॅलरीत गेले आणि कुकरचं झाकण उघडलं. "हितं हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. संस्कृती इतकी हसली, की फोन तिच्या हातातून पडला आणि भीमरावांना थोडा वेळ नुसता पुण्यातला पंखा दिसत राहिला. त्यांनी तोही पाहिला.

"परत सांगा," फोन उचलून ती म्हणाली. पण तिला आईने झोपायला बोलावलं.

भीमराव ताट घेऊन गॅलरीत बसले. चिकन चांगलं शिजलं होतं. पहिला घास खाल्ला आणि सवयीने त्यांनी कान दिला. आत स्वयंपाकघरात दिवा चालू होता, ओटा स्वच्छ होता, आणि कुणी काही विचारलं नाही. वच्छलाला ही गोष्ट सांगितली असती, तर ती पदर तोंडाला लावून दोन दिवस हसली असती. तिची फार आठवण आली.

"कमी पडलंय गं," ते आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, आणि मीठ आणायला उठले.