आणि त्याच्या आधी?

सिप्पोराबाई गव्हाणकरांना सिग्नल तोडल्याबद्दल हवालदाराने अडवलं तेव्हा मी त्यांच्याच स्कूटरवर मागे बसलो होतो. त्याने लायसन्स मागितलं. बाईंनी ते दिलं आणि विचारलं, "तुम्ही कुठले?"

"इथलाच. कळंबोलीला असतो."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी जालना."

"आणि त्याच्या आधी?"

हवालदार अडखळला. मग शिट्टी खिशात टाकून म्हणाला, पणजोबा म्हणे खानदेशातून दोन बैल घेऊन निघाले होते, त्यातला एक वाटेतच मेला. बाईंनी स्कूटर स्टँडला लावली. त्या मेलेल्या बैलाचं यथासांग सुतक पाळून आम्ही निघालो, तर गडी पावती फाडायची विसरलाच होता. बाईंनीच त्याला आठवण करून दिली. वर मला म्हणाल्या, "सर, त्याने बैल सांगितला आणि आपण दंड बुडवायचा?"

मी पनवेलच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो, बाई मराठी शिकवतात. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी आहेत आणि त्याची किंमत मी मोजली आहे. आम्ही मूळचे वाईचे, हे मी लहानपणापासून छाती काढून सांगत आलो. बाईंना सांगितलं आणि फसलो. "आणि त्याच्या आधी?" आधी काय, आम्ही कायमचे वाईचे! "कायमचा कोणी कुठला नसतो, सर. जरा घरी विचारा." न राहवून मी आत्याला फोन केला. तेव्हा कळलं की आमचे खापरपणजोबा कोकणातून भावाशी फणसाच्या झाडावरून भांडून रातोरात पळाले होते. आता आमच्या घरी मी वाईचं नाव काढलं की बायको नुसती "फणस" म्हणते.

बाईंची स्वतःची कथा त्यांना कोणी विचारायचाच अवकाश. गव्हाण हे इथलंच आगऱ्यांचं गाव, म्हणून गव्हाणकर म्हटल्यावर लोक त्यांना आगरी समजतात. मग सिप्पोरा हे नाव ऐकून ख्रिश्चन समजतात. मग बाई खुशीत येऊन सांगतात, "आम्ही बेने इस्राएल. कोकणातले ज्यू. आमचं जहाज फुटलं ना!" हे त्या अशा सुरात सांगतात की ऐकणारा घाबरून विचारतो, "अरे बापरे, कधी?" "झाली असतील दोन हजार वर्षं," बाई म्हणतात, आणि लगेच पुढे किनाऱ्याला लागलेले लोक, तेलाचे घाणे, शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने पाडलेलं 'शनिवार तेली' हे नाव, असं सगळं धडाधड सुरू होतं. मी हे इतक्यांदा ऐकलं आहे की एखाद्या दिवशी मलाच खारट लागायला लागतं.

यंदा अकरावीला अवांतर वाचनासाठी बाईंनी एक आठवणींचं पुस्तक निवडलं. एका लेखिकेने आपल्या पूर्वजांचा माग काढत तीन देश पालथे घातले, त्याची हकिगत. मला ऑफ तास होता, म्हणून बाईंनी मलाही वर्गात नेऊन मागच्या बाकावर बसवलं. "या, मजा येईल," म्हणाल्या.

सुरुवातीला खरंच मजा आली. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, एवढं फिरायची काय गरज होती? डीएनए टेस्ट करायची ना."

"डीएनएला आजीच्या हातचं कालवण कळतं का रे? तू कुठला?"

"तळोजा, फेज टू."

"आणि त्याच्या आधी?"

"फेज वन."

वर्ग हसून लोळला. मग साकिब उठला. "मॅडम, अब्बा कतारला असतात. दादा कुवेतला होते. परदादा जहाजावर होते. आमच्या घरी घरात कोण राहायचं, ते अम्मीला विचारून सांगतो." बाईंनी त्याला जागच्या जागी शाबासकी दिली. एकेक जण उठत होता, कोणी लातूर, कोणी सुलतानपूर, आणि बाईंचा चेहरा दिवाळीतल्या पोरासारखा उजळत होता.

मग दर्शना उठली. पहिल्या बाकावरची, वक्तशीर, कमी बोलणारी. "करंजाडे," ती म्हणाली.

"आणि त्याच्या आधी?"

"गाव होता, मॅडम. आता नाही. तिथे विमानतळ झालाय."

मागून कोणीतरी ओरडलं, "म्हणजे ही रनवेवरची!" पोरं हसली. बाईंनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. पण कुतूहल हा त्यांचा जुना आजार, तो तिथेही उफाळलाच. त्या पुढे वाकून मनापासून म्हणाल्या, "अगं, मग तुमचं घर नेमकं कुठे आलं? टर्मिनलखाली की रनवेखाली?"

दर्शनाने काही क्षण आठवून पाहिलं. मग ती खाली बसली. तास संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्याच आठवड्यात कोणा पालकाने प्राचार्यांकडे तक्रार केली की मराठीच्या मॅडम वर्गात मुलांची जात काढतात. बाई प्राचार्यांना म्हणाल्या, "जात मला कशाला हवी? मी माणूस कुठून कुठून आला ते विचारते. वाटेत जात आली तर येऊ दे, मी तिला बसा म्हणत नाही." एरवी हे उत्तर त्यांनी स्टाफरूममध्ये रंगवून रंगवून सांगितलं असतं.  आज मात्र त्या डबा उघडून नुसत्या बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "सर, ती पोर माझ्यामुळे कॉलेज सोडणार. चला माझ्याबरोबर."

दर्शनाचं घर करंजाड्यात, नव्या वस्तीत. पुनर्वसनाच्या प्लॉटवर बांधलेलं, दुमजली, जिन्याला स्टीलचे कठडे, बाहेर झकपक टाइल्स. आई-वडील कामावर गेले होते. दार दर्शनानेच उघडलं आणि आम्हाला बघून तिचा चेहरा पडला. आत सोफ्यावर तिची आजी बसली होती, हिरव्या चुड्याची, कपाळभर कुंकवाची.

बाईंनी चप्पलही नीट काढली नाही. "दर्शना, मी चुकले गं. वर्गात असं विचारायला नको होतं."

"तुमचं काही चुकलं नाही, मॅडम," दर्शना म्हणाली. "मला सांगताच आलं नाही म्हणून मी आले नाही. मी चौथीत होते. घर कुठे होतं, टर्मिनलकडे की रनवेकडे, मला माहीतच नाही. इथे विचारलं तर आजी रडते, म्हणून कोणी विचारत नाही." आणि ती स्वतःच रडायला लागली.

"मी कुटं रडतं गो?" आजी एकदम म्हणाली. "तुमीच इचारत नाय, म्हनून रडू येतं. बसा बाई. मास्तर, तुमीबी बसा."

आम्ही बसलो, आणि तेव्हा मला ती दिसली. हॉलच्या भिंतीला टेकवलेली एक जुनी सागवानी चौकट. खाली उंबरा, वर गणेशपट्टी. मागे सरळ भिंत, आणि भिंतीवर कॅलेंडर. दार कुठलंच नाही. चौकट या घराच्या कुठल्याच दाराला बसली नसणार, इतकी ती बुटकी होती. पण उंबऱ्यावर ताजं हळदकुंकू होतं.

आता विचारणार, मी मनात म्हटलं. आणि त्याच्या आधी, आणि त्याच्याही आधी. आजी आता थेट द्वारकेपर्यंत जाणार आणि आपल्याला इथेच रात्र होणार.

बाईंनी विचारलं, पण वेगळंच. "मावशी, निघताना काय काय घेतलंत?"

"काय घेतील? भांडी, गाद्या, टीव्ही. ते सगले नेतात. मी म्हनलं, चौकट काडा. लेक बोलला, आये, येडी हाय काय, ती कुटं लावू? मी म्हनलं, नको लावूस. पन काड."

बाई उठून चौकटीपाशी गेल्या. तिच्यावरून त्यांनी हात फिरवला. मग आमच्याकडे न बघता बोलू लागल्या. "आमच्या घराच्या चौकटीवर एक डबी असते. बोटाएवढी. आत प्रार्थनेचा कागद. जाता-येता तिला हात लावायचा आणि बोटं ओठांना लावायची. घर सोडताना आमची रीत अशी आहे, मावशी, की आपल्यामागून आपल्यातलाच कोणी राहायला येणार असेल तर डबी तशीच ठेवायची. येणार नसेल तर काढून घ्यायची."

"मंग?"

"मुलगा तिकडे इस्राएलला आहे. भाऊ, बहिणी, सगळे कधीचे गेले. आमच्या आळीत मीच उरलेय. मुलगा म्हणतो, आई, आता पुरे. मे महिन्यात जायचं आहे, कायमचं." त्यांनी चष्मा काढला. "घर विकलं. सामान बांधून झालं. रोज स्क्रू ड्रायव्हर घेऊन दारात उभी राहते आणि परत आत येते. ती डबी काढली म्हणजे मीच सांगितल्यासारखं होतं ना, की आता इथे आमचं कोणी येणार नाही."

 इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसून मला याचा पत्ता नव्हता. अख्ख्या पनवेलचे पणजोबा ठाऊक असलेली ही बाई उन्हाळ्यात निघून चालली होती, आणि तिने ते पहिल्यांदा सांगितलं ते एका अनोळखी म्हातारीला, तिच्या बिनदाराच्या चौकटीसमोर. मला फार वाईट वाटलं. दर्शनाने डोळे पुसले आणि पाणी आणायला आत गेली.

आजी मात्र विचार करत होती. तिने हात टेकत स्वतःला सोफ्यावरून उचललं, बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि जरा रागावूनच म्हणाली, "तुमी एकट्या काडाय जाताव, म्हनून हात चालत नाय. आमची चौकट काडली तवा सगला गाव उभा व्हता. बायका रडत व्हत्या, पन व्हत्या. एकट्या मानसानं काडायची गोस्ट नाय ही."

"पण मावशी, आमच्यातलं आता इथे..."

"तुमच्यातला नसंल कोनी. आमी हाव ना? कंदी काडताव ते सांगा. मी येतं, पोर येल, हे मास्तर येतील. आमी उभं ऱ्हाऊ, तुमी काडा."

बाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "रविवारी या."