बाबांची हनुवटी

दातांच्या डॉक्टरला लोक घाबरतात म्हणे. घाबरत असतील, पण माझ्याकडे नाही! माझा हात इतका हलका की दाढ काढून झाल्यावर पेशंट विचारतात, "डॉक्टर, सुरू कधी करताय?" माझ्या दवाखान्यातून आजवर एकही माणूस पळून गेलेला नाही, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगायचे. मध्यंतरी एका मंगळवारी मात्र एकदम सगळेच पळाले.

कारण आमचे सासरे.

बाबा म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. घोरणं असं की वरच्या मजल्यावरचे लोक खाली येऊन म्हणाले, "तुमचा मिक्सर एकदा दाखवून घ्या कुणाला तरी!" बरं, नुसतं घोरणं असतं तर आम्ही कानांत बोळे घालून निभावलं असतं. पण मधेच त्यांचा श्वासच अडकतो! घरघर बंद, सगळं चिडीचूप, आणि मग एक जोरदार हिसका देऊन गाडी पुन्हा चालू. झोपेच्या डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलं, "स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत जीभ मागे पडते, घशातली वाट बंद होते." त्यांनी मास्कचं मशीन दिलं. बाबांनी ते जेमतेम दोन रात्री लावलं आणि माळ्यावर टाकलं. म्हणे, "मी काय विमान चालवतोय?"

मग डॉक्टर म्हणाले, "त्रास मध्यम आहे, दातांवर बसवायची पट्टी करून बघू. ती खालचा जबडा जरा पुढे धरून ठेवते, त्याबरोबर जीभ पुढे राहते आणि वाट मोकळी! आणि तुमच्या तर घरातच डेंटिस्ट आहेत की!"

झालं! बाबा उसळले. "मी मुळात घोरतच नाही! आणि दातांच्या डॉक्टरला माझ्या झोपेत काय करायचंय?"

सासूबाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "अगं, मी रोज कोपर तयार ठेवून झोपते. आवाज थांबला की ढोसते त्यांना. एखाद्या रात्री मलाच गाढ झोप लागली तर?" त्यांचे डोळे भरून आले.

"आई, मंगळवारी त्यांना दवाखान्यात आणा," मी म्हटलं. "दात साफ करायचेत म्हणून सांगा. पुढचं माझ्याकडे लागलं!"

मंगळवारी आमची मदतनीस नेमकी रजेवर. बाहेर बाकावर पेशंट खेटून बसलेले. आत सासूबाईंच्या देखत मी बाबांचे दात साफ केले, दिवा बाजूला केला आणि पट्टीच्या मापासाठी मसाला कालवायला वळले. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "घर्रर्रर्र..." आडव्या केलेल्या खुर्चीत बाबा ठार झोपले होते!

मला हुक्की आली. "आई, पट्टी काय करते ते बघायचंय?" मी बाबांची हनुवटी अलगद धरून पुढे ओढली. आवाज गप्पकन बंद!

"अगंबाई! थांबला गं श्वास!"

"थांबला नाही, छातीवर हात ठेवून बघा."

सासूबाईंनी हात ठेवला. छाती संथपणे वरखाली होत होती. त्या हसू लागल्या, मग रडू लागल्या, मग दोन्ही एकदम. "मी करून बघू?"

आणि मग काय विचारता! हनुवटी पुढे, शांतता. हनुवटी सोडली, "घर्रर्रर्र!" पुन्हा पुढे, शांतता. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच बटण त्यांच्या हाती आलं होतं, त्या कशाला सोडतायत!

इतक्यात दार धाडकन उघडलं. दाढ काढायला आलेला एक धिप्पाड ट्रक ड्रायव्हर आत घुसला. "सोडा त्यांना! डॉक्टर, म्हातारा माणूस आहे तो, आधी इंजेक्शन तरी द्या!"

माझ्या हातात मसाल्याची वाटी, सासूबाईंच्या दोन्ही हातांत बाबांची हनुवटी.

बाबा दचकून उठले. "काय गोंधळ आहे?"

"काका, घाबरू नका, मी आलोय! केवढ्यांदा ओरडत होता तुम्ही!"

"मी? मी तर जागाच होतो!"

"जागे? अहो, बाहेरची सगळी माणसं पळाली!"

बाबा तरातरा बाहेर गेले. बाक रिकामा. बाकाखाली कुणाची तरी एक चप्पल. जिन्यात एक बँकेतल्या बाई पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. बाबांनी हेडमास्तरी आवाजात चौकशी सुरू केली, "आवाज कसा होता?"

बाईंनी आधी आढेवेढे घेतले, मग तो आवाज हुबेहूब काढून दाखवला. वर म्हणाल्या, "पण तो बंद व्हायचा ना, ते जास्त भयंकर होतं. वाटायचं, गेला बिचारा!"

बाबा सासूबाईंकडे वळले. "हे तू रोज ऐकतेस?"

"रोज," त्या म्हणाल्या.

बाबा आपण होऊन खुर्चीत जाऊन बसले. "सूनबाई, घे माप." घरची माणसं इतकी वर्षं कानीकपाळी ओरडत होती, त्याचं काही नाही. परक्या बाईने जिन्यात एकदा घोरून दाखवलं, झालं काम! मला आनंदही झाला आणि रागही आला. ट्रक ड्रायव्हर तेवढ्यात, "माझी दाढ आता दुखायची थांबली," म्हणून सटकला.

पट्टी तयार झाली. हळूहळू जबडा किती पुढे धरायचा ते जमवलं, झोपेच्या डॉक्टरांनी पट्टी लावून पुन्हा तपासणी केली. श्वास एकदम सुरळीत! सासूबाई पहिल्यांदा रात्रभर झोपल्या. मी पेढे वाटायचीच बाकी होते.

काल सासूबाई दवाखान्यात आल्या, दार लावून घेतलं आणि खुर्चीवर मटकन बसल्या.

"काय झालं, आई? पुन्हा श्वास अडकला?"

"छे गं! झोप कशी छान लागते त्यांना. पूर्वी दिवसभर पेंगत असायचे, आता पहाटेपासून टवटवीत! मला भाजी चिरायला शिकवतात. झाडू धरायची पद्धत चुकीची आहे म्हणतात. दुपारी मी जरा पडले की उशाशी बसून पेपर वाचून दाखवतात, वर प्रश्न विचारतात!" मग त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि आवाज खाली आणला. "मला एक सांग, ती पट्टी तोंडात असताना त्यांना धड बोलता येत नाही ना?"

"नाही येत."

"मग दिवसाही लावली तर चालेल का गं?"