पालकसभेचे मामा

आमच्या कॉलनीतल्या देवरे मामांना मूलबाळ नाही, पण शाळेची एकही पालकसभा त्यांनी आजवर चुकवलेली नाही. सभेच्या शनिवारी सकाळी ते चौथीच्या वर्गात सोनवण्यांच्या पार्थचे मामा असतात, तिथून उठून सातवीत शेखांच्या अदनानचे मामा होतात, आणि जेवणाच्या वेळेआधी सहावीत येऊन माझ्या मुलीचे, सईचे, मामा म्हणून बाकावर बसतात. माझ्या बायकोला भाऊ नाही. दोन बहिणी आहेत, त्या मला पुरून उरतात, त्यामुळे मेव्हण्याची उणीव मला कधी जाणवली नव्हती.

हे मी कौतुकाने सांगतोय असा कोणाचा समज झाला असेल तर तो आधीच दूर करतो. मी या माणसावर जळतो. गंगापूर रोडच्या मागच्या बाजूला आमची रो-हाउसेस आहेत, तिथे मी बारा वर्षं राहतोय, सोसायटीचा खजिनदार आहे, पाण्याच्या मोटरसाठी भांडणारा मीच. तरी नवीन भाडेकरूला माझी ओळख करून देताना लोक म्हणतात, "हे मामांच्या शेजारचे."

मामा मूळचे सटाण्याचे. उभी हयात कांद्याच्या बाजारात मापाडी होते, ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर मोजून घ्यायचं काम. मामी गेल्यावर इथे घर घेऊन राहिले. पहिल्याच वर्षी शेजारच्या सोनवणेताईंची, त्या नर्स आहेत, पालकसभेच्या दिवशीच ड्यूटी लागली आणि त्यांचे यजमान सातपूरला कारखान्यात पहिल्या पाळीत. ताई दारात उभ्या राहून रडकुंडीला आल्या होत्या. मामा म्हणाले, मी जाऊन येतो, त्यात काय एवढं. शाळेत कोण म्हणून विचारल्यावर त्यांनी मामा म्हणून सांगितलं. आमच्या कॉलनीत निम्मी माणसं पाळ्यांमध्ये आणि उरलेली माझ्यासारखी ऑफिसात अडकलेली. पुढच्या सभेला मामांना आणखी तीन भाचे झाले.

सातवीच्या बाईंनी एकदा चष्म्यावरून बघत विचारलंच, की तुम्ही देवरे, तर शेखांचे मामा कसे?

"आईकडून," मामा म्हणाले.

सभेसाठी त्यांचा एक खास पांढरा शर्ट आहे. तो ते एरवी घालत नाहीत. त्याला कडक इस्त्री, खिशात घडी केलेला रुमाल, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत पाण्याची बाटली. मुलांच्या बुटक्या बाकावर रुमाल पसरून गुडघे छातीशी घेऊन बसतात आणि बाईंचं म्हणणं मान हलवत ऐकतात. एखाद्या मुलाची तक्रार आली की कांद्यावर येतात. "बाई, लाल कांदा दिसायला झकास, पण लगेच कोंब फुटतात. हे पोरगं उन्हाळ कांदा आहे. उशिरा येतो, पण कांदाचाळीत साठवा, टिकतो." ज्या बाई कोल्हापूरकडच्या होत्या त्यांनाही आता कांद्यातलं बरंच कळतं.

संध्याकाळी घरोघरी अहवाल. आणि अहवाल नेहमी चांगलाच. आमच्या दारात येऊन सांगायचे, बाई म्हणाल्या सईचं अक्षर मोत्यासारखं, वळण शिस्तीचं. मी वरवर "असं का" म्हणायचो आणि आतून फुगायचो. पण लगेच सई आतून पळत यायची, त्यांच्या पिशवीत हात घालायची, खडीसाखर काढायची, आणि माझी हवा जायची. चित्रकलेचं बक्षीस मिळालं तेव्हा ते आधी मामांच्या पायरीवर गेलं, मग आमच्या घरात आलं. सायकलवरून पडली तेव्हा मी दहा पावलांवर उभा होतो. तिने हाक मारली ती मामांना. रोज संध्याकाळी ती त्यांच्या पायरीवर तासभर असायची. काय करतेस म्हणून विचारलं तर म्हणायची, गप्पा. आमच्याकडे तर ही पोर बोलायची थांबत नाही, मग तिथे आणखी कसल्या गप्पा, हे मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही. बापाने विचारायचं आणि मुलीने शेजाऱ्याचं कौतुक सांगायचं, हे कोणी सांगितलंय?

मागच्या उन्हाळ्यात एकदा मी भर दुपारी स्कूटरवरून येत होतो. गंगापूर रोडला एका लॉन्सवर लग्न होतं, आतून मंगलाष्टकांचा आवाज येत होता, आणि समोरच्या फुटपाथवर मामा उभे. अंगात सभेचा पांढरा शर्ट. मी गाडी थांबवून म्हटलं, काय मामा, आता लग्नांनाही दुसऱ्यांच्या वतीने जाता का? ते म्हणाले, नाही हो, जरा हवा खातोय. त्या उन्हात डांबर वितळत होतं. म्हातारा आता पुरता चळला, असं मी घरी येऊन सांगितलं आणि त्या दिवशी मला जेवण जरा जास्तच गेलं.

या जूनमध्ये शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या आणि नियम निघाला. सभेला फक्त आई किंवा वडील, तेही ओळखपत्र दाखवून. इतर कोणालाही गेटच्या आत प्रवेश नाही. कॉलनीच्या ग्रुपवर हा निरोप वाचला आणि मला जो आनंद झाला तो पगारवाढीलाही झाला नव्हता. मी ताबडतोब शनिवारची अर्धी रजा टाकली. जेवताना बायकोला, अनघाला, म्हटलं, बघ, नियम म्हणजे नियम, शेवटी मुलीचा बाप तो बाप.

मी अजून थोडं बोललो. मग अनघाने पोळी ताटात ठेवली आणि विचारलं, "तुम्हाला ती लॉन्सवरची दुपार आठवते? तुम्ही हसत घरी आला होतात."

ती दर भाऊबीजेला मामांना ओवाळते, हे मला माहीत होतं. त्यांनी तिला काय सांगितलं ते माहीत नव्हतं. मामांना सटाण्याला सख्खी बहीण आहे. वडिलांच्या शेतावरून दोघांत बिनसलं, ते गेली कित्येक वर्षं तसंच. त्या दिवशी आत लग्न होतं ते त्या बहिणीच्या मुलीचं. निमंत्रण नव्हतं. कुठूनसं कळलं म्हणून मामा शर्ट घालून गेले आणि रस्त्यापलीकडे थांबले. मंगलाष्टकांच्या आधी गुरुजींनी माइकवरून पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं. हे अर्थात फुटपाथवरही ऐकू आलं. दुसरा कोणीतरी नात्यातला पुढे झाला आणि लग्न लागलं.

"माइक खणखणीत होता म्हणाले," अनघा म्हणाली.

मला वाईट वाटलं. पण शनिवारची रजा मी रद्द केली नाही. वाईट वाटणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं.

शनिवारी मी नवा शर्ट घातला, गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि नवरदेवासारखा शाळेच्या गेटातून आत गेलो. पाचवीपासून सईच्या वर्गाला असलेल्या पगारे बाई मला पाहून चक्क उभ्या राहिल्या.

"तुम्ही सईचे बाबा? किती दिवसांपासून भेटायचं होतं तुम्हाला."

मी म्हटलं, अक्षराबद्दल का? बाईंनी जरा गोंधळून पाहिलं. अक्षर बेताचंच आहे हो तिचं, म्हणाल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना मला त्या बाकावर नीट बसता येईना. सई गेल्या वर्षी वर्गात तोंडच उघडत नव्हती. नाव विचारलं तरी खाली बघायची. हे बाईंनी पहिल्याच सभेत मामांना सांगितलं होतं आणि घरी कळवा म्हटलं होतं. पुढच्या सभेत मामा येऊन म्हणाले, तिच्या वडिलांनी फार मनावर घेतलंय. ऑफिसातून दमून येतात, तरी रोज संध्याकाळी तिला समोर बसवून मोठ्याने वाचायला लावतात, चुकलं तरी रागवत नाहीत. दिवाळीनंतर सई वर्गात उत्तरं द्यायला लागली. परवा तिने सगळ्या शाळेसमोर प्रार्थना सांगितली.

"तुमच्यासारखे पालक असतील तर आम्हाला काही करावंच लागणार नाही," पगारे बाई म्हणाल्या. "मी बाकीच्यांना तुमचं उदाहरण देते."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? एका माणसाने माझ्या मुलीला वर्षभर वाचायला लावलं आणि त्याचं श्रेय माझ्या नावावर शाळेत जमा केलं, हे पाहूनही पहिल्यांदा मला हेवाच वाटला. इतका चांगला बाप मी असतो तर किती बरं झालं असतं, असं वाटलं. आपलीच मुलगी शाळेत मुकी झालेली मला कळली नव्हती, आणि त्या पायरीवरच्या गप्पा म्हणजे काय होतं ते असं बाकावर बसून कळलं.

बाईंनी विचारलं, मामा आज आले नाहीत का?

खिडकीतून गेट दिसत होतं. रस्त्यापलीकडे, वह्या-पेनांच्या दुकानासमोर, मामा उभे होते. पांढरा शर्ट, हातात पिशवी. अदनान गेटच्या आतून गज धरून त्यांच्याशी काहीतरी बोलत होता, आणि वॉचमन त्याला वर्गात जा म्हणून सांगत होता.

मी उठलो आणि खाली गेलो. वॉचमनला सांगितलं, त्यांना आत सोडा.

"नियम माहीत आहे ना साहेब? नातं काय?"

"माझे मेव्हणे. मुलीचे सख्खे मामा."

वॉचमनने माझ्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या सत्तरीच्या माणसाकडे पाहिलं. मी म्हटलं, बायको शेंडेफळ आहे. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, ठीक आहे, पण फक्त तुमच्या मुलीच्या वर्गात, दुसरीकडे फिरायचं नाही.

मामांनी नियम अक्षरशः पाळला. सहावीच्या वर्गात सईच्या बाकावर रुमाल पसरून बसले ते उठलेच नाहीत. पण मामा आलेत हे जिन्यावरून वरपर्यंत पोचलं, आणि थोड्या वेळाने चौथीच्या बाई पार्थचे पेपर घेऊन खाली आल्या, मग सातवीच्या बाई अदनानचे. मी ओळखपत्र गळ्यात घालून दाराशी उभा होतो आणि माझ्याकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं.

घरी येताना सई पुढे उड्या मारत चालली होती. मी मामांना विचारलं, मला का सांगितलं नाहीत? ते म्हणाले, तुम्ही जिवाला लावून घेतलं असतं, मग पोरीला रागावला असता, मग ती आणखी मिटली असती. "पोर गुणी शे," ते म्हणाले. गहिवरले की ते अहिराणीत जातात. "तिला नुसतं ऐकणारं कोणी पाहिजे होतं. मला संध्याकाळी दुसरं काम काय असतं?"

थोडं चालल्यावर मी म्हटलं, "मामा, सईचं लग्न होईल तेव्हा मंडपात तिला तुम्हीच घेऊन यायचं. आत्ताच सांगून ठेवतो."

ते थांबले. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पोरगी सहावीत आहे, म्हणाले.

"तोवर टिकावं लागेल," मी म्हटलं.

"टिकतो. उन्हाळ कांदा आहे मी." सई पळत परत आली आणि सवयीने त्यांचं बोट धरलं. मला नेहमीसारखंच खुपलं.

फाटकाशी पोचल्यावर ते मागे वळले आणि हळूच म्हणाले, "गुरुजींना एक सांगाल का तेव्हा? नुसतं मुलीचे मामा म्हणून पुकारू नका म्हणावं. माइकवर देवरे मामा म्हणा."