नूमानचा सुगंधी सदरा

मोनास्तीरच्या कापड-संशोधन केंद्रात रौधा तीन वर्षं एकाच कामात गढली होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्याशा कुप्या बनवायच्या, त्यांत अत्तर कोंडायचं आणि त्या कापडात बसवायच्या. अंग तापलं की कुपीची भिंत सैल होऊन अत्तर झिरपावं, अंग निवलं की भिंत पुन्हा घट्ट व्हावी. आजवर तिच्या कुप्या एक तर सतत गळायच्या, नाही तर उघडायच्याच नाहीत.

धाकटा भाऊ नूमान जम्माल गावच्या सिरीनला मागणी घालायला निघाला, तेव्हा रौधाने त्याला नव्या कुप्यांचा सदरा दिला आणि तीही सोबत निघाली. आत नारिंगाच्या फुलांचं अत्तर होतं. नूमानने हुंगून पाहिलं, तर कसलाच वास नाही.

"धीर धर," ती म्हणाली. "वेळेवर येईल."

वेळेवर आला. सिरीनचे वडील बशीर, ज्यांना सगळे आदराने सी बशीर म्हणत, यांनी थंडी म्हणून पाहुण्याला शेगडीशेजारी बसवलं आणि पुढचा काय विचार आहे, असं विचारलं. नूमानला घाम फुटला आणि बैठकीत लसणाचा भपकारा उठला. रौधाच्या लगेच लक्षात आलं, बरणी चुकली होती. ऑलिव्हच्या किडीसाठी केलेल्या लसूणतेलाच्या कुप्या शेजारच्याच बरणीत होत्या, आणि बरण्यांवर तिने घाईत लिहिलेले एक नि सात हे आकडे सारखेच दिसत.

सिरीनची आई दोनदा स्वयंपाकघरात डोकावून आली. सी बशीर यांनी खिडकी उघडली. नूमान काहीतरी निमित्त काढून अंगणात गेला, गारठून परत आला, तर वास गायब! शेगडीजवळ टेकला, की पुन्हा हजर.

रौधा लाज विसरली. भिंत उघडत होती आणि मिटतही होती! तिने भावाला आणखी दोनदा बाहेर पिटाळलं. तेव्हा सी बशीर यांनी हळूच विचारलं, मुलाला काही दुखणं आहे का? मग तिला सगळं सांगावंच लागलं. नूमान गालिच्यावरची नक्षी मोजत बसला.

सिरीन चहा घेऊन दारात उभी होती. "म्हणजे यांना घाम फुटला की घरभर कळणार?"

"हो," रौधा ओशाळून म्हणाली.

"खोटं बोलताना फुटला तरी?"

"तरीही."

सिरीनने पहिला पेला नूमानपुढे ठेवला.

"बाबा, माझा होकार आहे," ती म्हणाली. "फक्त हा सदरा त्यांनी लग्नानंतरही घालायचा."