पाटलीणबाईंचं साखर-रजिस्टर

आमच्या मांजरीला डायबेटीस झाला, तेव्हा तिच्या साखरेचं रजिस्टर ठेवायचं मी ठरवलं. बास, एवढंच ठरवलं. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. (घरात मला कुणी काही सांगत नाही, थेट आणायला पाठवतात.)

मांजरीचं नाव पाटलीण. ती चालत आली की वाटेतल्या माणसानं बाजूला व्हावं अशी तिची अपेक्षा असते आणि आम्ही होतो. यंदा उन्हाळ्यात ती पाणी फार प्यायला लागली. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी कोण पीत नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग ती माझ्या आईच्या, म्हणजे शांतम्मा अव्वाच्या, पूजेच्या तांब्यात तोंड घालू लागली आणि भरपूर खाऊनसुद्धा वाळायला लागली. शेवटी माझी बायको भुवनेश्वरी तिला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी टोपलीचं झाकण धरायला होतो.

डॉ. फिरदोस मॅडमनी रक्त तपासलं. साखर चारशे बारा.

"खायला काय देता?"

"दूध-भाकरी," भुवनेश्वरी म्हणाली. "आणि सासूबाई गुपचूप शेंगापोळी देतात."

"दोन्ही बंद. उकडलेलं चिकन द्या. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, पण खाल्ल्यावरच. उपाशीपोटी सुई दिली तर साखर एकदम उतरते, जिवावर बेततं. खाल्लेलं आधी डोळ्यांनी बघायचं, मग सुई. कळलं?"

आम्ही मान डोलावली. माझी मान सगळ्यात जास्त वेळ डोलत होती.

आता आमचं घर लिंगायतांचं. आमच्याकडे अंडंसुद्धा फक्त चित्रात येतं, आणि ते आलं की अव्वा पान उलटते. चिकन म्हटल्यावर तिनं कपाळाला हात लावला.

"अय्यो शिवा! माझ्या घरात न्हाय चालायचं. मांजर मरू दे."

असं म्हणून तिनं मांजरीला मांडीवर घेतलं आणि डोळ्याला पदर लावला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या सायराबानूचं डोकं वर आलं. (आमच्या घरातली कुठलीही चर्चा त्या भिंतीशिवाय पूर्ण होत नाही.) "अव्वा, रडताव कशाला? पाटलीण आमच्याकडं जेवंल, तुमच्याकडं ऱ्हाईल. हाय काय त्यात!"

तसंच ठरलं. सकाळी सात वाजता पाटलीण भिंतीवरून पलीकडे जेवायला जायची. ती खाऊन उठली की सायराबानू हाक द्यायची, "हो गया, विरेशभाऊ!" मग पाटलीण मिशा पुसत परत यायची, मी तिला धरायचो आणि भुवनेश्वरी मानेची कातडी चिमटीत घेऊन सुई द्यायची.

आणि मी रजिस्टर ठेवायचो. या कामात मला कुणी हरवू शकत नाही. मी एका सरकारी ऑफिसात कारकून आहे. (ऑफिसचं नाव सांगत नाही, पेन्शनला आठ वर्षं उरलीत.) आमच्या ऑफिसच्या पाण्याच्या टाकीची पातळी रोज दहा वाजता बघून लिहायची असते, ते रजिस्टर माझ्याकडे आहे. माझं रजिस्टर कधी मागे पडलेलं नाही. उलट ते नेहमी थोडं पुढेच असतं. साहेब याला शिस्त म्हणतात.

पाटलिणीसाठी मी लाल कापडी बांधणीचं रजिस्टर आणलं, पट्टीनं रकाने आखले. तारीख, वेळ, साखर, भोजन, इंजेक्शन, प्रकृती, शेरा. साखर बघायला कानाच्या कडेला बारीक टोचून रक्ताचा थेंब मीटरच्या पट्टीवर घ्यायचा असतो. पहिल्या दिवशी मी कान समजून स्वतःचाच अंगठा टोचला. मीटरवर एकशे अडतीस आले आणि मी "पाटलीण सुधारली!" म्हणून गल्लीभर ओरडलो. सायराबानूनं पेढे मागितले.

पुढं मात्र पाटलीण खरंच सुधारली. अंगावर चकाकी आली, तांब्यातलं पाणी देवाला उरायला लागलं. साखर दोनशे दहाच्या आसपास टिकली. डॉक्टर मॅडम रजिस्टर बघून म्हणाल्या, "इतकं नीटनेटकं रेकॉर्ड मी माणसांचंसुद्धा बघितलं नाही." ते वाक्य मी ऑफिसात चार जणांना सांगितलं. त्यांतल्या दोघांना दोनदा.

मग श्रावणातला दुसरा सोमवार आला.

भुवनेश्वरी पहाटेच सिद्धेश्वराच्या दर्शनाला निघाली. जाताना म्हणाली, "आज सुई तुम्ही द्या. पण सायराबानूची हाक आल्याशिवाय देऊ नका."

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो. (लग्नाला बावीस वर्षं झाली. या वाक्यानंतर काहीतरी होतंच.)

साडेसातला मी उठून बसलो. ऑफिसला उशीर होत होता. टेबलावर रजिस्टर उघडं होतं. सोमवारच्या ओळीत लिहिलेलं होतं, भोजन: होय. पाटलीण स्वयंपाकघरात होती, दार बाहेरून लावलेलं आणि आत तिचा आरडाओरडा चाललेला. सुईला घाबरली असेल, असं मला वाटलं. मी आत गेलो, एकट्यानं तिला धरून सुई दिली, दार परत ओढून घेतलं आणि स्वतःवर खूश होऊन आंघोळीला गेलो.

नऊ वाजता शर्टाची बटणं लावत होतो, तेव्हा अव्वाची हाक आली.

"विरेशा, हिला काय झालंय बघ की! उभी ऱ्हाईना!"

पाटलीण स्वयंपाकघरात झोकांड्या खात होती. दोन पावलं टाकली आणि कुशीवर पडली. डोळे उघडे, पण नजर कुणावरच नाही. वाटेतून मी बाजूला झालो, तरी ती पुढे आली नाही.

"अव्वा, ही जेवली होती ना?"

"कुटली जेवतीया? श्रावणी सोमवार हाय आज! शंकराच्या वारी माझ्या घरातलं जनावर कोंबडी खाणार व्हय? म्हणून पहाटंच कोंडली. वरीचा भात ठिवला होता म्होरं, हुंगून सोडला तिनं."

मी भिंतीकडे धावलो. "सायराबानू! आज पाटलिणीला खायला दिलं नाहीस?"

"अव्वा बोले आज नक्को, तो मैं डालीच नै! अन् मी हाक पण मारली न्हाय की! हाक न्हाय तर सुई न्हाय, असंच ठरलंय न्हवं?"

"पण रजिस्टरात 'भोजन: होय' लिहिलंय!"

"कुणी लिवलं?" अव्वानं विचारलं.

मी शर्टाचं उरलेलं बटण लावायला घेतलं. तेवढ्यात भुवनेश्वरी प्रसादाचं ताट घेऊन दारात आली आणि तिनंही तेच विचारलं, "कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हणालो. "काल दुपारी. आठवड्याचं काम एकदम उरकून टाकलं. ती रोज खातेच, म्हणून..."

भुवनेश्वरीनं ताट खाली ठेवलं. तिनं सरळ डॉक्टर मॅडमना फोन लावला. पलीकडून मॅडमचा आवाज आला, "मध आहे का घरात? हिरड्यांवर चोळा आणि तशीच घेऊन या. वेळ घालवू नका!"

घरात मध एकाच वाटीत होता. देव्हाऱ्यासमोर, श्रावणी सोमवारच्या अभिषेकासाठी काढून ठेवलेला. अभिषेक अजून व्हायचा होता. मी अव्वाकडे बघितलं. सत्तर वर्षांत तिनं देवाच्या आधी पाण्याचा घोटसुद्धा घेतलेला नाही. ती उठली, वाटी उचलली, फरशीवर बसकण मारली आणि स्वतःच्या बोटानं पाटलिणीच्या हिरड्यांना मध चोळायला लागली.

"देवाला मागनं," ती म्हणाली. "त्याला काय डायबेटीस न्हाय."

मला रडू आलं. कुणाचं लक्ष नव्हतं, म्हणून मी थोडं मोकळेपणानं रडून घेतलं.

सायराबानूनं पाटलिणीला ओढणीत गुंडाळलं आणि आम्ही चौघं एका रिक्षात कोंबून दवाखान्यात गेलो. मॅडमनी कान टोचला. एक्केचाळीस. त्यांनी सलाईन लावलं. आम्ही बाकावर बसलो. अव्वा ओठांत जप करत होती, सायराबानू दुआ मागत होती, भुवनेश्वरी माझ्याकडे बघत होती. पाऊण तासानं पाटलिणीनं मान उचलली आणि मॅडमच्या हाताला चावली.

"वाचली," मॅडम म्हणाल्या. "मध वेळेवर लागला म्हणून. रजिस्टर आणलंय?"

मी आणलं होतं. सवयच तशी. धावपळीत चप्पल विसरलो, रजिस्टर नाही विसरलो.

मॅडमनी पान उघडलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "सोमवार. साखर दोनशे चौदा. भोजन होय. प्रकृती उत्तम. शेरा निरंक." त्या थांबल्या. "मंगळवार. साखर दोनशे बारा. प्रकृती उत्तम. बुधवार दोनशे दहा. गुरुवार... शुक्रवार दोनशे नऊ, 'किंचित सुधारणा'." त्यांनी चष्मा काढला. "आज वार कुठला?"

"सोमवार," मी बारीक आवाजात म्हणालो.

"ह्याच्याएवढं पुढचं तर आमचे अय्यासुद्धा सांगत न्हाईत," अव्वा म्हणाली. अय्या म्हणजे आमचे मठातले स्वामी.

संध्याकाळी पाटलीण घरी आली आणि रजिस्टर भुवनेश्वरीच्या ताब्यात गेलं. अव्वानं सोमवारचा नियम बदलला: उपास माणसांचा, मांजर मोकळी. मला पाय धरायचं काम मिळालं. (पाटलिणीचे. भुवनेश्वरीचे मी आधीच धरले होते.) शिवाय रोज सगळं डोळ्यांदेखत झालं की शेवटच्या रकान्यात 'समक्ष' म्हणून सही करायची. एवढा तरी विश्वास बायकोनं ठेवला, याचं मला बरं वाटलं.

मंगळवारी सकाळी पाटलीण पोटभर जेवली, हाक आली, सुई झाली. मी सही केली आणि आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर भुवनेश्वरी रजिस्टर हातात धरून उभी होती.

"या किती सह्या आहेत?"

मी बघितलं. सहा होत्या. रविवारपर्यंत. देवाशपथ सांगतो, हात आपोआप चालला होता.

ती हसली. चिडली असती तर मी सांभाळून घेतलं असतं, पण ती हसली. बुधवारी तिनं न मागता माझ्या हातात डबा ठेवला. वर म्हणाली, "नीट जेवा हं." एवढं प्रेमानं ती आमच्या साखरपुड्यातसुद्धा बोलली नव्हती.

दीड वाजता ऑफिसात सगळे डबे उघडून बसले. मी आज काय खास असेल या उत्सुकतेनं झाकण काढलं. पहिला कप्पा घासून लख्ख, रिकामा. दुसराही रिकामा. तिसऱ्यात लाल रजिस्टरातून फाडलेला एक कागद होता, पट्टीनं आखलेला.

'बुधवार. वेळ: १.३०. भोजन: होय. प्रकृती: उत्तम. शेरा: निरंक.'

खाली तारीख होती, भुवनेश्वरीची सही होती. मी तो कागद दोनदा वाचला. पंचवीस वर्षांची नोकरी झाली माझी, पण त्या नोंदीत काढायला मला एकही चूक सापडली नाही.