मानेमागचा पाय

एका जंगलात एक पैज लागली. आता पैज लागली की शहाण्या जनावरानं काय करावं? कान पाडून चालू पडावं. पण बाळांनो, शहाणं जनावर गोष्टीत कशाला येईल? ते घरी झोपलेलं असतं. म्हणून आपल्या गोष्टीत दामूअण्णा आहे.

दामूअण्णा म्हणजे अस्वल. पोट एवढं, की स्वतःचे पाय त्याला उताणं पडल्यावरच दिसायचे. आणि पैज लावणारं माकड म्हणजे झिपऱ्या. शाळेतून काढलेला. जंगलात शाळा नव्हती, तरी काढलेला.

झिपऱ्या म्हणाला, "अण्णा, कुत्रं बघा कसं मागच्या पायानं कान खाजवतं. तुम्हाला नाय जमायचं."

"कुत्र्याला जमतं ते मला नाय जमणार?"

"मग टाका पाय मानेमागं. जमलं तर वरच्या फांदीवरचं पोळं तुमचं. माश्यांचं मी बघतो."

अण्णानं दम कोंडला, डोळे वटारले, आणि पाय खरंच मानेमागं गेला. झिपऱ्या हसून हसून फांदीवरनं पडला.

"आण पोळं," अण्णा म्हणाला.

"आधी पाय तर काढा."

अण्णानं पाय ओढला. येईना. झिपऱ्यानं ओढला. तरी येईना.

आता उद्यापासून मोह गळणार होता. मोहाची फुलं म्हणजे अण्णाचा जीव. वर्षातनं एकदाच गळतात. आणि रानडुकरांना तर आमंत्रण लागतच नाही.

"झिपऱ्या, माझा मोह जाईल रे!" अण्णा रडकुंडीला आला.

तेवढ्यात योगाचा वर्ग तिथं आला. हा वर्ग रोज तळ्याकाठी भरायचा. घ्यायचे बकाचार्य, म्हणजे बगळा. ते तासन्‌तास एका पायावर उभे राहायचे, म्हणून सगळ्यांची खात्री होती की त्यांना सगळंच येतं. तळ्यातले मासे कमी होत चालले होते. पण माशांना कोण विचारतो?

वर्गात पुढं बसायची साळूताई, साळिंदर. मागं बसायचे बिबटेसाहेब. साहेबांनी वर्ग लावल्यापासून अहिंसा धरली होती. फक्त टवाळखोर आणि खोटारडे तेवढे खायचे. काय करणार, सत्यपण पाळायचं होतं.

"हे कुणी केलं?" साहेबांनी विचारलं.

झिपऱ्याची शेपटी गार पडली. "केलं नाय, साहेब. झालं. अण्णा साधना करत होते, त्यात झालं."

"साधना कसली! अरे, अडकलाय!" अण्णा ओरडला.

सगळ्यांनी बकाचार्यांकडं बघितलं. बकाचार्यांनी असलं काही बापजन्मात बघितलं नव्हतं. पण गुरूला 'माहीत नाय' म्हणायची सोय नसते. डोळे मिटायची असते. त्यांनी मिटले.

"ऋक्षग्रीवापादासन," ते म्हणाले. "आमच्या गुरूंनी एकदाच दाखवलं होतं. लांबून."

साळूताईचे काटे उभे राहिले. "गुरुजी, हेच! हेच शोधत होते मी! नुसतं वाकून वाकून कंटाळा आला हो. मला आता डीप जायचंय."

झालं. तिथंच सखोल अभ्यासवर्ग सुरू. आधी अलाइनमेंट, जेवणानंतर तत्त्वज्ञान.

अलाइनमेंटसाठी धामणीला फांदीवरनं खाली सोडली, गवंडी ओळंबा सोडतो तशी. तिच्या शेपटीच्या रेषेत अण्णाचं नाक यायला पाहिजे होतं.

"कंबर दोन बोटं डावीकडं," बकाचार्य म्हणाले.

साहेबांनी ढकललं.

"आई गं!"

"आवाज कुठून आला, ऐकलंत? थेट बेंबीतून. उत्तम."

"अहो, डावा खांदा अजून मोकळा नाही त्यांचा," साळूताई म्हणाली, आणि तिनंही जरा दाबलं. काट्यांसकट.

दुपारी तत्त्वज्ञान.

"कुणीतरी माझा पाय काढा रे!" अण्णा कळवळला.

"'माझा पाय' म्हणाले ते," बकाचार्य म्हणाले. "आता विचार करा. हा 'माझा' म्हणणारा कोण?"

"मी! दामू! ह्या पायाचा मालक!"

"अहंकार आहे अजून," साळूताई हळहळली.

"जाईल हळूहळू," साहेब म्हणाले. "माझा नाही का गेला? माझ्याएवढा निरहंकारी ह्या जंगलात दुसरा दाखवा."

कुणी दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाऱ्यावर वास आला. गोड, आंबूस, डोकं फिरवणारा. मोह गळायला लागला होता. अण्णाचं नाक थरथरलं. डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं.

"प्रेमाश्रू!" वर्ग म्हणाला.

झाडावर बसलेल्या झिपऱ्याला लांबनं डुकरांचं मचमच मचमच ऐकू येत होतं. अण्णा तसा चांगला होता. थंडीत झिपऱ्याला पाठीवर झोपू द्यायचा. आता सांगूनच टाकावं, असं झिपऱ्यानं ठरवलं. तेवढ्यात साहेबांनी जांभई दिली. सगळे दात दिसले. झिपऱ्यानं ठरवलेलं परत गिळलं.

मग बकाचार्य म्हणाले, "नुसतं बघून काय होणार? करा."

आणि सगळ्यांनी केलं. कडाकडा आवाज आले, वाळकी लाकडं मोडावीत तसे. साळूताईनं टाकला, सशांनी टाकला, साहेबांनी तर गुरगुरत टाकला. सगळ्यांचे पाय मानेमागं.

"गुरुजी, तुम्ही?" एका सशानं विचारलं.

"मी आतून केलंय."

साहेबांना आता नाकावरची माशी हाकलायची होती. ते पंजा उचलायला गेले आणि भोपळ्यासारखे आडवे गडगडले. सरळ होईनात.

झिपऱ्यानं हे बघितलं. नीट बघितलं. मग टुणकन खाली उतरला, अण्णाच्या अडकलेल्या तळव्याशी गेला आणि गुदगुल्या केल्या.

"हीहीही, अरे, हूहूहू!" अण्णा लोळला, आणि पाय सटकन सुटला. त्यानं आधी झिपऱ्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. मग मागं न बघता मोहाकडं पळाला.

"आसन मोडलं!" साळूताई किंचाळली.

"ताई, आसन नव्हतंच. पाय अडकला होता. तुमचापण अडकलाय."

"काहीतरीच! मला आत खोलवर काहीतरी जाणवलं!"

"काटा होता तो, ताई. तुमचाच."

त्यानं साळूताईला सोडवलं, जपून. मग सशांना. बकाचार्यांना तळ्यावर काहीतरी काम आठवलं. ते उडाले.

राहिले साहेब.

"म्हणजे मला कुणीतरी फसवलं," आडवे पडूनच ते म्हणाले. "कोण तो?"

झिपऱ्या त्यांच्या समोर येऊन बसला. दातांपासनं बरोबर वीतभर लांब.

"मीच, साहेब. पैज मी लावली. साधना चाललीय असं मीच सांगितलं. तुम्ही खाल म्हणून भ्यायलो होतो. चुकलं माझं."

"पाय काढ माझा. मग सांगतो तुला."

झिपऱ्यानं धामणीला हाक मारली. तिला वर फांदीला अडकवली, एक डोळा मिटला आणि नेम धरून बघितलं.

"कंबर दोन बोटं उजवीकडं, साहेब," तो म्हणाला. "मग बघू."

तात्पर्य : नेहमी खरं बोलावं. फक्त बोलायच्या आधी बिबट्याचा पाय मानेमागं पक्का अडकलाय ना, तेवढं तपासून घ्यावं.